काळ्या धुराचा माग

अजमानमध्ये आम्ही दोघे भाऊ एसी दुरुस्तीचं काम करतो. गाव खेड तालुक्यातलं. अम्मी आणि बायकामुलं तिकडेच. इथल्या आमच्या कमाईचा सगळा भार वाहतो तो एक जुना, जपानी बनावटीचा पेट्रोल पिकअप. गॅसची सिलिंडरं, शिडी, तांब्याचे पाइप, कधी अख्खा कॉम्प्रेसर, सगळं त्याच्याच पाठीवर. पिकअप थांबला की आमचं काम थांबलं.

हा पिकअप आम्ही एप्रिलमध्ये एका गाववाल्याकडून घेतला. सप्टेंबरमध्ये त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. सिग्नलला उभा राहिला की थरथरायचा, मिसिंग मारायचा, रेस दिली की मागून काळा धूर. पेट्रोलचा वास तर केबिनमध्ये बसूनही यायचा. पूर्वी आठवडाभर पुरणारी टाकी चौथ्या दिवशी रिकामी होऊ लागली. त्यात मुल्किया नव्याने करायची वेळ जवळ आलेली. इथे तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी तपासणीतून जावं लागतं, आपली माणसं त्याला पासिंग म्हणतात. असा धूर ओकणारी गाडी घेऊन तिथे जाण्यात अर्थ नव्हता.

आम्ही काय केलं? जे सगळेच करतात तेच. ज्याने जे सांगितलं ते बदललं. आधी प्लग, मग एअर फिल्टर. मग कुणीतरी म्हणालं, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर गेला असेल. तो नवा बसवला, ३०० दिरहमच्या वर गेले. नवे प्लग आठ दिवसांत पुन्हा काळे. पैसे संपले तसा राग वाढला आणि तो वळला गाववाल्याकडे. त्याने आम्हाला मुद्दाम खराब गाडी गळ्यात मारली, असं धाकट्याने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहूनही टाकलं. गावी त्याचं घर आमच्या घरासमोरच आहे. अम्मीने त्यांच्याकडे जाणं बंद केलं. थोरला म्हणून मी धाकट्याला अडवायला हवं होतं. अडवलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

शेवटी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात काम करणाऱ्या एका बुजुर्ग मिस्त्रींकडे गेलो. मूळचे महाडचे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "सकाळी थंड असताना कशी चालते?"

आम्ही म्हणालो, "पहिली पाच मिनिटं छान. मग बिघडते."

"बरं," एवढंच बोलून त्यांनी चारही प्लग काढले आणि एका फडक्यावर ओळीने मांडले. त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते इथे सविस्तर लिहीत आहोत. आपल्या घरातलंही कुणी ना कुणी जुन्या गाडीवर पोट भरत असेल.

प्लगवरची काजळी कोरडी आणि मखमलीसारखी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओली, तेलकट, चकचकीत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. एकच प्लग काळा असेल तर दोष त्याच सिलिंडरचा, म्हणजे तिथला इंजेक्टर गळतो किंवा ठिणगी नीट पडत नाही. आमचे चारही सारखेच काळे होते. चाचा म्हणाले, "चौघं एकदम आजारी पडली, म्हणजे पाणी विहिरीतच खराब आहे. एकेकाला औषध देऊन काय उपयोग?"

धुराचा रंगही बघायचा. काळा म्हणजे इंधन जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, आणि गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वासाचा येत राहिला तर कूलंट आत शिरतंय. गावाकडचे पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात, त्यांना हे ठिणगीचे प्लग नसतात. तिथे काळा धूर दिसला तर आधी चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोकडून इंजिनकडे जाणारा फाटका पाइप आणि गळके इंजेक्टर बघावेत. आमचं प्रकरण पेट्रोलचं होतं.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हा हिशोब जुन्या गाड्यांत कार्बोरेटर ठेवायचा, आमच्यासारख्या इंजेक्शनच्या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर ठेवतो. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन तापलं की हात आखडता घेतो आणि मग ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत कमीजास्त करतो. आमची गाडी थंड असताना बरी चालायची आणि तापल्यावर बिघडायची, म्हणजे थंडीतलं वाढीव पेट्रोल बंदच होत नव्हतं.

तरीही चाचांनी घाई केली नाही. इंधनाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची बारीक रबरी नळी काढून हुंगली. आतला पडदा फाटला असता तर नळी पेट्रोलने ओली मिळाली असती. ती कोरडी होती. ऑइलची डिपस्टिक काढून नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास होता आणि पातळीही खुणेच्या वर होती. "हे आधी बदला," ते म्हणाले. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं झिजतात. ज्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे तिथे न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. "अजून थोडे दिवस चालवू" म्हणत आम्ही बरेच दिवस काढले होते, ते आठवून पोटात गोळा आला.

मग आला तापमानाचा सेन्सर. आम्ही लगेच म्हणालो, "चाचा, डॅशबोर्डचा काटा बरोबर मधोमध असतो."

ते हसले. त्या गाडीत कूलंटचं तापमान मोजणारे दोन वेगळे सेन्सर निघाले. एका तारेचा काट्यासाठी, दोन तारांचा कॉम्प्युटरसाठी. काटा बरोबर असला म्हणून कॉम्प्युटरला बरोबर कळतंय असं नाही.

हा दुसरा सेन्सर जसा तापतो तसा त्याचा रोध कमी होतो. आमच्या जातीच्या सेन्सरला २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना दोनशे ते चारशे असायला हवेत. इंजिन तापवून बंद केलं, मल्टिमीटर लावला. सेन्सर ३१० ओहम दाखवत होता. म्हणजे ठणठणीत! आमचे चेहरे पडले. आम्ही एकटे असतो तर इथेच सोडून दुसरा एखादा महागडा पार्ट आणायला पळालो असतो.

चाचांनी सेन्सरचं कनेक्टर पुन्हा जोडलं, डॅशबोर्डखाली शिरून कॉम्प्युटरचं कनेक्टर काढलं आणि तारेच्या त्या टोकाला मोजलं. २४०० ओहम. सेन्सर खरं सांगत होता, पण निरोप वाटेत बदलत होता. बाहेर सप्टेंबरचा उकाडा, इंजिन उकळतं, आणि कॉम्प्युटरला वाटतंय की गाडी आत्ताच सुरू झाली. या समजुतीत तो ऑक्सिजन सेन्सरकडे बघतही नव्हता, म्हणून आमच्या ३०० दिरहमच्या नव्या सेन्सरचा काडीचा उपयोग झाला नाही. तार पूर्ण तुटली असती तर चेक इंजिनचा दिवा पेटला असता. २४०० हा आकडा थंड इंजिनचा म्हणून त्याला खरा वाटला, दिवा पेटलाच नाही.

कनेक्टर उघडलं तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, एक तार दोन-तीन धाग्यांवर लटकलेली. चाचांनी विचारलं, "इथे कूलंट कधी सांडलं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जुलैमध्ये रेडिएटरचा होज आम्हीच घरी बदलला होता. कनेक्टर निघेना म्हणून तारेला धरून ओढलं होतं, आणि कूलंट त्याच्यावरच सांडलं होतं. पुसलंही नव्हतं. गाववाल्याने गाडी विकली तेव्हा ही तार शाबूत होती.

जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानातून तारेच्या तुकड्यासकट कनेक्टर १५ दिरहमला मिळालं. जोडलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, प्लग ब्रशने साफ केले. संध्याकाळी गाडी इतकी शांत उभी होती की धाकट्याने बंद पडली समजून पुन्हा चावी फिरवली.

एक काळजी घ्या. अशी गाडी बंद शेडमध्ये चालू ठेवून तपासू नका, मुलांना तर जवळही येऊ देऊ नका. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असली की धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नसतो आणि डोकं दुखायला लागेपर्यंत कळतही नाही.

ग्रुपवर लिहिलेलं धाकट्याने त्याच रात्री चुकीचं होतं म्हणून पुन्हा लिहिलं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. फोन लावायला आम्हाला आणखी दोन दिवस लागले. स्पीकर चालू करून दोघे शेजारी बसलो. काय झालं ते सगळं सांगितलं, होजसकट. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने विचारलं, "पासिंग झाली का?"

"उद्या आहे," आम्ही म्हणालो.

"डावा इंडिकेटर कधी कधी अडकतो. जायच्या आधी बघून घ्या."