उजेड देतो रोगाची खबर

मुलांनो, पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या रानात काजवे चमकतात. उर्दूत आपण त्यांना जुगनू म्हणतो. तसाच एक इवलासा उजेड आता क्षयरोगाची, म्हणजे टीबीची, खबर देतो.

क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. एका जंतूचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायचे, तर काही आठवडे थांबावे लागते. तोवर रोगी खोकतच राहतो आणि घरातल्या माणसांनाही लागण होऊ शकते. शिवाय तारोडीच्या माणसाने अहवालासाठी पुन्हा पुन्हा शहरात जायचे, म्हणजे दर वेळी एका दिवसाची मजुरी बुडते!

आपल्या शेजारच्या गोव्यात 'ट्रूनॅट' नावाचे एक लहानसे यंत्र तयार होते. ते बॅटरीवरही चालते. रोग्याच्या बेडक्यातून जंतूंचा डीएनए वेगळा काढून तो एका चिपवर टाकतात. यंत्र त्याला आळीपाळीने गरम व थंड करते. प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती जवळपास दुप्पट होतात. चिपवर एक चमकणारे रंगद्रव्य असते. पण त्याची चमक दाबून ठेवणारा एक रेणू त्याला जोडलेला असतो. नवी प्रत बनताना ही जोडी तुटते आणि रंगद्रव्य चमकू लागते. जंतूच नसतील, तर चमकही नाही. मात्र एक फरक ध्यानात घ्या. काजव्याचा उजेड त्याचा स्वतःचा असतो. या रंगद्रव्यावर आधी प्रकाश टाकावा लागतो.

निकाल सुमारे तासाभरात मिळतो. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीची शिफारस केली. रिफाम्पिसिन हे औषध रोग्याला लागू पडेल की नाही, हेही त्याच डीएनएवरून दुसऱ्या चिपवर त्याच दिवशी कळते.