१३३१ छिद्रं

कॅबिनेटचं झाकण काढलं, कूलर उतरवला, प्रोसेसर उचलून बाजूला ठेवला की मदरबोर्डवर एक चौकोन उरतो. तळहातावर सहज मावेल एवढा, बारीक छिद्रांनी भरलेला. छिद्रं १३३१. कडेला एक दांडी. ती उभी केली की प्रोसेसर सुटतो, आडवी केली की त्याच्या पिना आवळल्या जातात. हे एएमडीचं एएम४ सॉकेट. जुनं गेमिंग मशीन थोड्या पैशांत पुन्हा दमदार करायचं, तर आधी याची ओळख हवी.

प्रोसेसर बदलायला निघालं की एरवी खर्च वाढतच जातो. नवा प्रोसेसर नवं सॉकेट मागतो, सॉकेटपायी मदरबोर्ड जातो आणि बोर्डापायी बरेचदा रॅमही. २०१६ साली आलेल्या एएम४नं ही साखळी तोडली. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन यात बसले. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेली ५००० मालिकाही यातच बसते, त्याच डीडीआर४ रॅमसोबत.

हे दीर्घायुष्य मात्र लोकांनी भांडून मिळवलं. मे २०२० मध्ये एएमडीनं जाहीर केलं, की झेन ३ रचनेचे, म्हणजे याच ५००० मालिकेतले प्रोसेसर ५०० मालिकेच्या बोर्डांवरच चालतील. बहुतेक जुन्या बोर्डांवर बायोससाठी १६ एमबीचीच चिप होती. तिच्यात सगळ्या पिढ्या मावेनात. ग्राहक खवळले. दोन आठवड्यांच्या आत कंपनीनं बी४५० आणि एक्स४७० बोर्डांना मुभा दिली, २०२२ मध्ये ३०० मालिकेलाही. काही बोर्डांनी जागेसाठी नव्या बायोसमधून जुने प्रोसेसर वगळले. धडधाकट बोर्ड भंगारात जाऊ नये, म्हणून माणसं हटून बसली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फायदा किती, ते रायझन ५ मालिकेतल्या १६०० आणि ५६०० या दोघांत दिसतं. दोन्हीकडे सहा कोअर, बारा थ्रेड. दोघांचा टीडीपी ६५ वॉट, त्यामुळे चांगला पॉवर सप्लाय असेल तर तोच चालतो. कमाल वेग मात्र ३.६ गिगाहर्ट्‌झवरून ४.४ वर जातो. खरी कमाल आतल्या मांडणीची. १६०० मध्ये वाटण्या झालेल्या भावांसारखे तीन-तीन कोअरचे दोन गट, प्रत्येकाची ८ एमबी एल३ कॅशे, म्हणजे माहितीचं कोठार, वेगळी. शेजारच्या कोठारातलं काही हवं तर वळसा. ५६०० मध्ये सहाही कोअर ३२ एमबीच्या एकाच कोठारातून घेतात. खेळात तीच माहिती पुन्हा पुन्हा लागते, म्हणून हा फरक थेट पडद्यावर उतरतो. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २०१७ चा १६०० नाही, ५६०० आहे.

पैसे घालण्याआधी एक चाचणी करावी. खेळाचं रिझोल्यूशन कमी करून पाहावं. फ्रेम भराभर वाढल्या तर अडतंय ग्राफिक्स कार्डापाशी. जिथल्या तिथे राहिल्या तर बहुधा प्रोसेसरपाशी. मग बोर्डाच्या कंपनीची, चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी बघावी आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावं. तेवढा वेळ वीज जाता कामा नये. यूपीएस हाताशी असलेला बरा.

कूलर काढताना घाई नको. वाळलेली थर्मल पेस्ट गोंदासारखी धरते. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी, बंद करून प्लग काढावा आणि कूलर हलकेच पिळत सोडवावा. मी माझ्या १६०० वरचा कूलर सरळ वर ओढला. दांडी आडवीच असताना प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर आला आणि दोन पिना वाकल्या. पेन-पेन्सिलीच्या पोकळ टोकात एकेक पिन धरून, श्वास रोखून, त्या सरळ केल्या.

तोच १६०० आज भाचीच्या मशीनमध्ये आहे, दुसऱ्या एका जुन्या एएम४ बोर्डावर. तिथेही १३३१ छिद्रं आहेत आणि त्या दोन पिना आपापल्या छिद्रांत नीट बसल्या आहेत.