डोंगरातलं वायफाय आणि आपला पारसिक

ऑक्टोबर 2006 मध्ये धर्मशाळेत 'एअरजल्दी' या तिथल्या वायफाय जाळ्याची परिषद भरली होती. त्याआधी, जानेवारी 2005 मध्ये भारतात वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि तिथल्या तिबेटी वस्तीत साध्या वायफाय राउटरवर लोकांनी हे स्वतःचं जाळं उभं केलं. राउटर सौरऊर्जेवर, अँटेना छपरांवर. मला हे आजही थरारक वाटतं!

आपल्या जवळचं उदाहरण पालघरचं, तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकरांच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने खामलोली परिसरात टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट पोचवलं. या लहरींची वारंवारता कमी, म्हणून झाडीतूनही त्या बऱ्यापैकी पार होतात. 2017 मध्ये प्रकल्पाला मोझिलाचं सव्वा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं.

लांब पल्ल्याच्या वायफायला मात्र दोन टोकांमध्ये थेट दृष्टिरेषा लागते. नुसती अँटेना दिसून भागत नाही: 5.8 गिगाहर्ट्झवर 2 किलोमीटरच्या जोडणीला मध्यावर रेषेभोवती सुमारे 5 मीटर मोकळीक हवी. कळव्यातून मुंब्र्याकडे पाहिलं की मधे पारसिकचा डोंगर आडवा येतो. त्यामुळे सिग्नल पुढे पाठवणारा रिले डोंगरावरच हवा.

कळवा-खारेगावात कुणाला गच्चीवर प्रयोग करायचा असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. सोसायटीची परवानगी आधी घ्या.