‘टायम’ सांभाळा, पदरचे पैसे वाचवा!

इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा इंग्रजी शब्द कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर शोधायला लांब जायला नको. तो शब्द आहे ‘टाइम’. आपल्याकडे त्याचा ‘टायम’ झाला आणि तो असा काही रुळला की परका वाटेनासाच झाला. ‘एसटीचा टायम झाला’, ‘लाईटीचा टायम बदलला’, ‘दोन टायमाचं दूध घालतो’, ‘ऐन टायमाला मजूर फिरले’, ‘साहेबाला टायम नाही’, ‘बसलोय टायमपास करत’. वाचकहो, ही वाक्ये तुमच्या पारावरची, डेअरीवरची आणि बँकेच्या ओट्यावरचीच आहेत. आज या एका शब्दाची थोडी झाडाझडती घेऊ. कारण हा शब्द नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. त्याच्यापायी शेतकऱ्याचे पैसे जातात आणि त्याच्याच आधाराने ते मिळवताही येतात.

कोंबडा आरवला की दिवस सुरू

घड्याळ येण्याआधी खेड्याला वेळ कळत नव्हती असे मुळीच नाही. झुंजुमुंजू झालं, तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, न्याहारीची वेळ झाली, दिवस कलला, दिवेलागण झाली. या शब्दांवर पेरणी, मळणी, सोयरीक सारे काही नीट चालत होते. मोजूनमापून वेळ हवी असेल तर घटका आणि प्रहर होते. दिवसरात्रीचे आठ प्रहर, म्हणजे एक प्रहर तीन तासांचा. दिवसरात्रीच्या साठ घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. लग्नात पाण्यावर तांब्याचे भोकाचे घटिकापात्र सोडत. ते भरून बुडाले की घटका भरली. ‘याची घटका भरली’ हे आपण आजही म्हणतो, ते तिथूनच आलेले. वर्षाचा हिशेब नक्षत्रांवर. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे आजही पेरणीच्या बोलण्यात असतात.

या वेळेत एक सोय होती. ती सूर्यावर आणि पावसावर चालणारी, म्हणून सर्वांना सारखी होती. दिवस पाटलाला लवकर आणि गड्याला उशिरा मावळत नसे.

रेल्वे आली, मिनिट आले

मिनिटाची शिस्त आली ती रेल्वेच्या पाठीवरून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढे फाटे फुटत गेले, तसतसे स्टेशनावरचे घड्याळ मुलखाला ठाऊक झाले. तेव्हा देशभर एकच वेळ होती असे मात्र समजू नका. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबई शहराने आपला ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही. तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता आणि १९५५ पर्यंत चालू राहिला. म्हणजे टाइम ही सुद्धा भांडणाची गोष्ट होऊ शकते, हे मुंबईने तेव्हाच दाखवून दिले होते.

खेड्यापर्यंत टायम खरा पोचवला तो एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली. पुढे गावोगाव गाडी गेली, तसे ‘नऊच्या गाडीचा टायम’ हे गावाचे घड्याळ झाले. शाळेची पोरे, बाजारची माळवे, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसे, सारी त्या गाडीला बांधलेली.

एक शब्द, चार अर्थ

आपल्या मराठीत ‘वेळ’ या शब्दाची एक गंमत आहे. ‘वेळ झाली’ म्हणतो तेव्हा ती वेळ बाईमाणूस, आणि ‘वेळ गेला’ म्हणतो तेव्हा तो वेळ बाप्या. ती वेळ म्हणजे ठरलेला क्षण, नेमकी मुदत. तो वेळ म्हणजे हाताशी असलेला अवधी. आणि ‘तीन वेळा हेलपाटे घातले’ म्हटले की तिसराच अर्थ निघतो, खेपेचा. ‘माझ्यावर काय वेळ आली’ म्हटले की चौथा, म्हणजे परिस्थिती.

‘टायम’ने या चौघांनाही एकाच दाव्याला बांधले. ‘टायम झाला’ म्हणजे मुदत, ‘टायम नाही’ म्हणजे सवड, ‘दोन टायम’ म्हणजे दोन खेपा, आणि ‘टायम वाईट आलाय’ म्हणजे दिवस फिरलेत. बोलण्यात याने बिघडत नाही. पण कागदावर आले की घोटाळा होतो. साहेब ‘टायम लागेल’ म्हणतो तो अवधी, आणि तुम्हाला ‘टायम संपला’ म्हणतो ती मुदत. तुमच्यासाठी ‘ती’, स्वतःसाठी ‘तो’! सगळी मेख इथे आहे.

टायम चुकला की किती जातात?

पीककर्जाचेच घ्या. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला केंद्राच्या सवलतीचा दर ७ टक्के. मुदतीत फेड केली तर आणखी ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्के. शिवाय आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे, तिच्यामुळे तीन लाखांपर्यंत वेळेत फेडणाऱ्याला व्याजाची झळ लागत नाही. आता मुदत चुकली तर? लाखावर नुसती ३ टक्क्यांची सूट गेली तरी वर्षाचे ३००० रुपये गेले, राज्याची सवलत गेली ती वेगळी. म्हणून ‘मार्च एंड’ आला की सोसायटीच्या दारात झुंबड उडते. ‘चार दिवसांनी भरू, काय होतंय’ म्हणणाऱ्याला ते चार दिवस फार महागात पडतात.

आता पारड्याची दुसरी बाजू बघा. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ सांगतो की, ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत त्याचा पैसा मिळाला पाहिजे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचे. एक लाखाचे बिल महिनाभर थकले तर १२५० रुपये होतात. पण बँकेचा संगणक तुमचा उशीर आपोआप मोजतो. कारखान्याचा उशीर मात्र तुम्हालाच मोजावा लागतो, आणि व्याज मागितल्याशिवाय पदरात पडणे अवघड. वजनाच्या पावतीवर तारीख असते. ती पावती चुलीच्या फळीवर न ठेवता फाइलीत ठेवा. पंधराव्या दिवसापासून तुमचा टायम सुरू होतो.

‘बहात्तर तास’ हा शब्दही असाच गावात शिरला. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली आणि पुढे तिच्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यायची अशी अट झाली. पुष्कळांनी ते ‘तीन दिवस’ असे समजून घेतले. सोमवारी दुपारी चारला गार पडली, तर गुरुवारी दुपारी चारलाच मुदत संपते. गुरुवारचा आख्खा दिवस धरून चालत नाही. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून योजनेचे स्वरूप बदलले आणि पीक कापणी प्रयोगातील उत्पन्नावर भरपाई ठरवण्याचा मार्ग धरला. तेव्हा मागच्या वर्षीचे ऐकून चालू नका. हंगाम सुरू होतानाच यंदाची अट आणि यंदाची शेवटची तारीख विचारून घ्या.

जमिनीच्या फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला १५ दिवस असतात. भावकीत कुणी परस्पर नोंद घातली आणि तुम्ही ‘सुगी उरकल्यावर बघू’ म्हणालात, तर पंधरा दिवस सुगीतच निघून जातात. मग अपिलाचा वनवास.

त्यांनाही टायम आहे

सरकारी कचेरीला टायमाचे बंधन नाही, हा आपला एक जुना गैरसमज. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची याचा फलक कचेरीत लावणे बंधनकारक आहे. मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते, आणि कारण नसताना विलंब लावणाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. हे सगळे दिवस अर्ज पोचल्यापासून मोजतात. म्हणूनच पोच हवी. शिक्का, सही आणि तारीख असलेली पोच नसेल तर तुमचा अर्ज कधी आला हे सांगणारा कुणी उरत नाही. ‘ठेवा तिथं, बघतो’ एवढ्यावर परत फिरू नका. पोच मागायला लाजण्याचे कारण नाही.

भिंतीवरच्या कालदर्शिकेत एकादशी, अमावस्या आणि बाजारवार आपण न चुकता बघतो. त्याच चौकटीत कर्जाची तारीख, ऊस गेल्याची तारीख, विम्याची शेवटची तारीख आणि अर्ज दिल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवा. घरातली शिकणारी पोरगी हे काम आनंदाने करील. मग कुणी ‘टायम लागेल’ म्हणाला, तर शांतपणे विचारा : ‘किती दिवसांचा टायम, साहेब? आमच्याकडं लिहून ठेवलाय.’