स्वित्झर्लंडची मॅकरोनी, पिंपळनेरचा कांदा

मुलांनी मॅकरोनीचा हट्ट धरला की आमच्या घरात दोन प्रश्न ठरलेले. अम्मी विचारतात, "त्या चीजमध्ये काय असतं? हलाल आहे ना?" आणि दादी म्हणते, "मला चावता येईल का?" दोघींचं समाधान करणारा पदार्थ अखेर आम्हाला सापडला, तो स्वित्झर्लंडच्या गुराख्यांचा.

तिकडे त्याला 'एल्प्लरमाग्रोनेन' म्हणतात, म्हणजे आल्प्स पर्वतातल्या गुराख्यांची मॅकरोनी. उन्हाळ्यात हे लोक गायी घेऊन उंच कुरणांवर चढत. रोजचं दूध खाली गावात पोचवणं जमत नसे, म्हणून वरच त्याचं चीज करत. सुकी मॅकरोनी न्यायला हलकी आणि टिकाऊ. आपल्या साक्री तालुक्यातले ठेलारी घोड्यावर संसार लादून मेंढ्यांमागे निघतात, त्यांचाही शिध्याचा हिशोब काही वेगळा नसतो. गॉटहार्डचा रेल्वे बोगदा 1882 साली सुरू झाला. तो खोदायला आलेल्या इटालियन मजुरांमुळे मॅकरोनी त्या डोंगरांत रुजली, असं सांगतात.

अम्मींचा प्रश्न रास्तच होता. चीजसाठी दूध घट्ट बसवायला रेनेट लागतं. ग्रुयेरसारख्या पारंपरिक स्विस चीजमध्ये ते वासराच्या जठरातून काढलेलं असतं. ते जनावर कसं जिबह झालं हे वेष्टनावर लिहिलेलं नसतं, आणि अशा रेनेटबद्दल आलिमांची मतंही एकसारखी नाहीत. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये जनावराचं रेनेट नसतं, त्यामुळे हा पेचच उरत नाही. आम्ही आधी ठिपका पाहतो, मग किंमत. तिकडे काही ठिकाणी यात डुकराचं खारवलेलं मांसही घालतात, पण त्यावाचून पदार्थाचं काही अडत नाही. ऊरी भागात तर बटाटेसुद्धा घालत नाहीत. आम्ही घालतो, दादीसाठी.

चौघांसाठी तीन मध्यम बटाट्यांच्या लहान फोडी मिठाच्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळाव्यात. त्याच पातेल्यात पाव किलो मॅकरोनी टाकावी. दोन्ही शिजले की पाणी निथळावं, पण वाटीभर बाजूला ठेवावं. त्या पिठूळ पाण्यानेच पुढे सगळं मिळून येतं. मग एक कप दूध, अर्धी वाटी साय, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ घालून मंद आचेवर गरम करावं. गॅस बंद करून 150 ग्रॅम किसलेलं चीज, म्हणजे 25 ग्रॅमचे सहा क्यूब, त्यात ढवळावं. चीज खारट असतं, म्हणून वरून मीठ चाखूनच.

पहिल्या वेळी आमची फजिती झाली होती. दोन दिवसांची साय किंचित आंबट होती आणि आच मोठी. दूध फाटलं, पातेल्यात चोथा-पाणी झालं. मुलांनी तेही खाल्लं, पण अम्मींचा चेहरा पाहण्यासारखा होता. तेव्हापासून साय ताजीच घेतो.

खरी चव कांद्याची, आणि पिंपळनेरच्या घरात कांद्याला काय तोटा! तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून तुपात मंद आचेवर वीस मिनिटं परतावेत. बिर्याणीच्या बरिस्त्याइतके कुरकुरीत नकोत, मऊ आणि तांबूस हवेत. अर्धे आत मिसळावेत, अर्धे वर पसरावेत.

स्विस लोक याबरोबर शिजवून घोटलेलं सफरचंद वाढतात. खारट मॅकरोनीशी गोड सफरचंद म्हटल्यावर मुलांनी नाकं मुरडली. पण आमरसाबरोबर खारी कुरडई खाणाऱ्या खान्देशाला यात नवल कसलं? दोन सफरचंदं सोलून, थोडं पाणी, चमचाभर साखर आणि दालचिनीचा तुकडा घालून मऊ शिजवावीत. दालचिनी काढून चमच्याने घोटावीत.

उरलेली मॅकरोनी सकाळी दगडासारखी घट्ट होते. त्यात चार चमचे दूध घालून तव्यावर झाकण ठेवून गरम करावी. दादी तर म्हणते, तीच जास्त चांगली लागते, फक्त मिरपूड कमी घाला.