मृगाआधी माळ्यावरच्या कॅसेटी खाली उतरवा

या पानावर एरवी बियाणे, खते, बाजारभाव यांची चर्चा असते. आजचा विषय गाण्यांच्या तबकड्या आणि कॅसेटींचा आहे. तरीही सुरुवात एका किड्यापासूनच करावी लागेल.

पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो. अंगातून राळेसारखा स्राव सोडून तो स्वतःभोवती कवच करतो, तीच लाख. झारखंड आणि छत्तीसगड हे या पिकाचे मुख्य प्रदेश. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला ते घेतात. ही लाख बांगडीत गेली, सुताराच्या पॉलिशात गेली, तशी गाण्यातही गेली. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती जुनी काळी, जड तबकडी लाखेत दगडाची पूड आणि काजळी कालवून, साच्यात दाबून काढलेली असे. महायुद्धात लाखेची आवक तुटली तेव्हा अमेरिकेच्या सरकारने १९४२ साली तबकड्यांना लागणाऱ्या लाखेत ७० टक्के कपात केली. तिकडची गाणी इकडच्या पळसावर अवलंबून होती, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. म्हणून गाणंही तेवढंच. बैठकीत तासभर रंगणारा राग अब्दुल करीम खाँसाहेबांना तेवढ्यात बसवावा लागला. लांबलचक पोवाड्याचे तर तुकडेच पडत. मग एकाच मालिकेतल्या चार-पाच तबकड्या पाकिटांच्या जाड वहीत घालून विकू लागले. फोटो चिकटवायची वही असते तशीच ही दिसायची, म्हणून तिला ‘अल्बम’ म्हणू लागले. पुढे वही गेली, नाव राहिलं.

पुढची प्लास्टिकची मोठी तबकडी मिनिटाला ३३ फेरे घेई आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या वर वाजे. आता गाण्यांचा क्रम लावता येऊ लागला. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चाललेली गदिमा आणि बाबूजींची ‘गीतरामायणा’ची ५६ गाणी पुढे संचाच्या रूपाने घरात आली. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली, लताबाई आणि हृदयनाथ मंगेशकरांचा ‘शिवकल्याण राजा’ निघाला. वेगवेगळ्या कवींच्या रचना, पण सगळ्यांचा रोख एका राजाकडे. मराठीत अल्बम कसा बांधावा हे कुणी विचारलं तर मी हाच दाखवीन. मात्र ही चैन वाड्यातली. तबकडी वाजवायचं यंत्र घेणं साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. लग्नसराईत लाउडस्पीकरवाला आणील तेवढंच गाणं गावाच्या वाट्याला यायचं.

टेप आला आणि गाव गाऊ लागलं

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघर पोचली ऐंशीच्या दशकात. यंत्र स्वस्त, सेलवर चालणारं, म्हणजे वीज गेली तरी अडत नाही. गोठ्यात टांगा, बैलगाडीत ठेवा, ट्रॅक्टरला बसवा. कॅसेट भरायला मोठा कारखाना लागत नाही. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या नजरेत न भरणाऱ्या गाण्यांनाही वाट मिळाली. एसटी स्टँडबाहेरच्या एकाच टपरीवर भीमसेनांचे अभंग, सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं, आनंद शिंद्यांचा ‘नवीन पोपट’ आणि वेसावकरांची कोळीगीतं शेजारी शेजारी मांडलेली असत. जाणकार त्यातल्या काही गाण्यांना नाकं मुरडत. मुरडोत बापडे! ज्याच्या गळ्याला पूर्वी कुणी विचारत नव्हतं त्याचा आवाज तालुक्याच्या बाजारात विकला जाऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि याहून मोठी गोष्ट त्या यंत्रावरच्या लाल बटनाची. कोरी कॅसेट घालून ते दाबलं की घरात आवाज भरून ठेवता यायचा. तबकडीत ही सोय नव्हती. मग भजनी मंडळांनी सप्ताहातली कीर्तनं भरली, गोंधळ्यांची जागरणं भरली गेली, एखाद्या नातवाने आजीला जात्यावर बसवून ओव्या म्हणायला लावलं. आजही शेतीशाळेच्या निमित्ताने घरोघर जातो तेव्हा माळ्यावर, फवारणीच्या पंपाशेजारी, खोक्यात टाकलेल्या या कॅसेटी हमखास दिसतात. वाजवायचं यंत्र बिघडलेलं असतं, म्हणून कुणी हात लावत नाही.

इथेच जीव कासावीस होतो. कंपन्यांचे अल्बम कुठे जात नाहीत. एचएमव्हीची आता सारेगामा झाली आहे. तिने २०१७ पासून जुनीच गाणी ‘कारवाँ’ नावाच्या पेटीत भरून विकली. १९९८ चा ‘गारवा’ आजही मागाल तेव्हा ऐकायला मिळतो. २०१६ चा ‘सैराट’ तर मोबाइलच्या कार्डावरून गल्लीगल्लीत पोचला. शेतीच्या भाषेत सांगायचं तर संकरित वाण दुकानात मिळेल. घरच्या मडक्यातलं गावरान बी संपलं तर ते कुठून आणणार? तुमच्या गावच्या भारुडाची कॅसेट साऱ्या दुनियेत एकच आहे.

हे काम होऊ शकतं, याचा दाखला आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुष्कळ बायकांचा आवाजही भरून ठेवला. त्या ओव्या आज ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात.

आता काय करावे

कॅसेटीतली फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चिकटवलेली लोहाची पूड. ओल लागली की तीवर पांढरी बुरशी धरते, पत्र्याखालच्या उन्हाने ती आक्रसते. म्हणून मृगाचा पाऊस लागण्याआधी खोकं खाली घ्या. कॅसेटीच्या पाठीवरचे दोन बारीक दात मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट वाजवू नका. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीतही शिरते. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे न्या. चांगली कॅसेटसुद्धा लगेच वाजवू नये; एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. हेड कापसाला स्पिरिट लावून पुसावं. टेपरेकॉर्डर फिरत नसेल तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो. तालुक्याचा जुना रेडिओ मेकॅनिक तो बदलून देतो. हे लोकही आता मोजकेच उरलेत, तेव्हा वेळ लावू नका.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात आवाज घेता येतो. गावातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तर तो एका दुपारी शिकतो. एक प्रत संगणकात, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तीही दुसऱ्याच्या घरी. काम झालं म्हणून मूळ कॅसेट फेकू नका. ती उभी ठेवा, स्पीकरच्या चुंबकापासून लांब.

घरात लाखेच्या तबकड्या असतील तर मात्र स्पिरिट दूर ठेवा. सुतार चपडा कशात विरघळवतो ते आठवा. स्पिरिट लागलं की तबकडीची खाच विरघळेल आणि गाणंही जाईल. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

आणखी एक. कॅसेटीवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. मंडळातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना बसवून ऐकवा. गळा कुणाचा, पखवाजावर कोण, कुठला सप्ताह, साधारण साल कोणतं, हे सगळं विचारून चिठ्ठीवर उतरवा आणि ती डबीत घाला. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.