एम्बेडेड कर्नलमधील अंतर्भूत ड्रायव्हर व त्यांच्या प्राचलांची निश्चिती

प्रस्तावना
मुंबई विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान पदवी अभ्यासक्रमात ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’च्या प्रात्यक्षिकांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा समावेश झाला. त्यामुळे वसई-विरार परिसरातील विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या अध्यापकांचाही लिनक्स कर्नलशी थेट संबंध येतो. ड्रायव्हरचे प्राचल, म्हणजेच पॅरामीटर, नेमके कोठे द्यावे हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ड्रायव्हरचे दोन प्रकार
काही ड्रायव्हर स्वतंत्र मॉड्यूल म्हणून गरजेनुसार स्मृतीत भरले जातात, तर काही संकलनाच्या वेळीच कर्नलमध्ये अंतर्भूत होतात. मॉड्यूलची प्राचले ‘मॉडप्रोब’च्या संरचना फाइलमध्ये लिहिता येतात. मात्र ही फाइल मॉड्यूल भरतानाच वाचली जाते. अंतर्भूत ड्रायव्हर त्यापूर्वीच कार्यान्वित झालेला असल्याने तेथील नोंद निष्फळ ठरते आणि कोणताही त्रुटिसंदेश येत नाही. परिणामी, न झालेला बदल प्रात्यक्षिक वहीत ‘यशस्वी’ म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो.

योग्य पद्धत
अशा ड्रायव्हरचे प्राचल कर्नलच्या आदेश-ओळीत द्यावे लागते. ड्रायव्हरचे नाव, बिंदू, प्राचलाचे नाव, बरोबरचे चिन्ह व मूल्य असा त्याचा क्रम असतो. उदाहरणार्थ, ‘यूएसबीकोर.ऑटोसस्पेंड’चे मूळ मूल्य २ सेकंद असते. ते उणे १ केल्यास यूएसबी उपकरणे आपोआप विश्रांत अवस्थेत जात नाहीत. रास्पबेरी पायमध्ये ही नोंद बूट विभागातील ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये होते. त्या फाइलमधील सर्व मजकूर एकाच ओळीत असणे आवश्यक आहे. यासाठी कर्नलचे पुनर्संकलन करावे लागत नाही.

पडताळणी
बिंदुयुक्त नाव चुकले तरी कर्नल तक्रार करीत नाही, कारण ते नंतर भरल्या जाणाऱ्या मॉड्यूलचे असू शकते. म्हणून ‘प्रॉक’मधील आदेश-ओळ पाहणे पुरेसे नाही, ‘सिस’ फाइलप्रणालीतील त्या ड्रायव्हरच्या ‘पॅरामीटर्स’ निर्देशिकेतून प्रत्यक्ष मूल्य वाचावे. काही मूल्ये तेथूनच बदलताही येतात. परंतु ऑटोसस्पेंडचा असा बदल नंतर जोडलेल्या उपकरणांनाच लागू होतो.

निष्कर्ष
ड्रायव्हर अंतर्भूत आहे की मॉड्यूल, हे ‘मॉड्यूल्स.बिल्टइन’ यादीतून प्रथम तपासावे, त्यानंतर प्राचल द्यावे आणि शेवटी मूल्य वाचून खात्री करावी. या तिसऱ्या पायरीशिवाय प्रात्यक्षिक पूर्ण झाले असे मानू नये.